आठ दिवसांची फुकट नोकरी

हर्षला ठोंबरेकडून एका गोदामाने आठ दिवस फुकट काम करून घेतलं आणि नवव्या दिवशी तिला फाटकावरूनच परत पाठवलं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण तिच्याविषयी लिहायला बसले की पहिल्यांदा तेच मनात येतं. ती स्वतः मात्र हे सगळ्यात शेवटी सांगते, तेही कुणी विचारलं तर.

हर्षला माझी विद्यार्थिनी. कशेळ्याच्या शाळेत मी बावीस वर्षं विज्ञान शिकवलं, त्यात तिच्या वर्गाला सलग तीन वर्षं. हुशार मुलींमध्ये तिचं नाव कधी घेतलं गेलं नाही. बोलायची कमी, पेपर पूर्ण लिहून व्हायचा नाही, अक्षर मात्र मोत्यासारखं. बारावीनंतर तिचं लग्न चौक गावाजवळच्या एका खेड्यात झालं. नवरा रूपेश चौकच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक. घरची थोडी भातशेती, सासू-सासरे, एक मुलगी.

खालापूरजवळच्या एका कारखान्यात ती मदतनीस म्हणून लागली आणि चार वर्षांनी तिथली स्टोअर कीपर झाली, ती पुढे सात वर्षं. स्टोअर म्हणजे कारखान्याची कोठीची खोली. बेअरिंगा, पट्टे, तेलाचे डबे, हातमोजे, शेकडो प्रकारचे नट-बोल्ट. कोणती वस्तू कुठे आहे, किती उरली आहे आणि केव्हा संपेल हे जिला डोळे मिटून सांगता येतं ती खरी स्टोअर कीपर. हर्षलाला सांगता यायचं. तिच्या सुट्टीच्या दिवशी मशीन बंद पडलं तर फोरमनचा घरी फोन यायचा, आणि ही भाकरी थापता थापता सांगायची, "तिसरं कपाट, खालचा खण, डाव्या हाताला निळ्या पिशवीत." वस्तू तिथेच सापडायची.

गेल्या वर्षी मार्चमध्ये मालकांनी कारखाना गुजरातला हलवला. जाताना हर्षलाने स्टोअरमधली एकूण एक वस्तू मोजून ताब्यात दिली. त्याबद्दल तिला एक प्रमाणपत्र मिळालं. त्यात लिहिलं होतं, काम समाधानकारक. सात वर्षांचं काम एका शब्दात, आणि तोही असा की जो कुणालाही लावावा.

मग नोकरी शोधणं सुरू झालं. खालापूरला कचेऱ्यांच्या रस्त्यावर झेरॉक्सचं एक दुकान आहे, तिथे बायोडेटा करून मिळतो. दुकानदाराच्या कॉम्प्युटरमध्ये एक तयार नमुना आहे. तो नाव, पत्ता, जन्मतारीख बदलतो आणि कागद हातात देतो. हर्षलाच्या बायोडेटात उंची होती, जात होती, 'आपल्या नामांकित संस्थेच्या उत्कर्षात खारीचा वाटा उचलणे' असं उद्दिष्ट होतं आणि छंद म्हणून क्रिकेट होतं. तिने आयुष्यात बॅट हातात धरलेली नाही. असे त्रेचाळीस कागद तिने त्रेचाळीस फाटकांवर दिले. खालापूर, सावरोली, चौक, कर्जतचा रस्ता. पहारेकऱ्याने घेतले आणि खणात टाकले. पाच महिन्यांत एकही फोन आला नाही.

फोन आला तो गजाचा. गजा त्यांच्याच भावकीतला, नात्याने दीर. गोदामांना माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराचा मुकादम. तो फोन करून थांबला नाही, घरीच आला.

"वैनी, पॅकिंगला ये. गाडी दारात येती. डबा घेऊन बसायचं, संध्याकाळी दारात उतरायचं."

"भावजी, मी स्टोअर सांभाळलंय सात वर्षं."

"आगं, ते झालं. आपल्या गावच्या बायकांना पॅकिंगच हाय. नायतर झाडू. टेबलावरची मानसं वरनं येतात."

"वरनं म्हणजे कुठनं?"

"मला काय म्हाईत? वरनं." गजा हसला. "दसऱ्यानंतर नवी बॅच हाय. तवर सांग. मंग माज्या हातात नाय."

वरनं! ज्या जमिनीवर ती गोदामं उभी आहेत, तिथे या बायकांच्या सासवांनी भात लावला आहे. तिथल्या टेबलाशी बसायला माणूस वरून यावा लागतो आणि इथल्या बाईने खोक्यांना चिकटपट्टी लावायची. गजाचा राग मला येत नाही. तो जे बघतो तेच बोलतो. राग येतो तो हे इतकं सहज, चहा पिता पिता बोललं जातं याचा.

श्रावणातल्या एका रविवारी हर्षला कर्जतला माझ्या घरी आली. माझ्या भावाचा मुलगा अनुपम तेव्हा आलेला होता. तो मुंबईत बिस्किटांच्या एका कंपनीत मार्केटिंगला आहे. हर्षला त्याच्यासमोर बोलायला संकोचत होती, पण त्यानेच तिच्या हातातला कागद मागून घेतला.

"ताई, किती ठिकाणी दिलात?"

"त्रेचाळीस."

"सगळीकडे हाच?"

"हाच. झेरॉक्स काढल्या."

"म्हणजे तुम्ही पत्रकं वाटलीत. पत्रकात लोक भजी बांधतात." मग क्रिकेट वाचून तो हसायला लागला. "बॅटिंग की बोलिंग?"

"चल रे," मी म्हटलं.

"आत्या, थट्टा नाही करत. ताई, आधी दोन गोष्टी ठरवा. विकताय काय आणि घेणार कोण. स्वतःला एक प्रॉडक्ट समजा..."

इथे माझा तोल गेला. "माणूस आहे ती, अनुपम. साबणाची वडी नाही. तुमच्या या भाषेनेच माणसांची खोकी झाली आहेत."

हर्षला मात्र हसली. "बाई, रागावू नका. माझी आई कशेळ्याच्या बाजारात हेच करते. तिला कुणी नाव नाय सांगितलं एवढंच."

तिची आई येसूबाई तांदूळ विकते. मी तिला वर्षानुवर्षं पाहते आहे, पण ती काय करते हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ती शिजवलेल्या भाताचा एक डबा जवळ ठेवते. फार्महाऊसवाली मंडळी गाडीतून उतरली की आधी तांदूळ दाखवत नाही. विचारते, "घरात म्हातारं हाय का कोनी? पोरं ल्हान हायेत का?" म्हातारं असेल तर जुना तांदूळ, हलका होतो. लहान पोरं असतील तर नवा, मऊ होतो. मग डब्यातला मूठभर भात हातावर ठेवते. "खावा आदी, मंग घ्या." बाकीच्या बायका भाव ओरडत बसतात आणि येसूबाईचं पोतं बारा वाजता रिकामं होतं.

"बघ आत्या," अनुपम म्हणाला, "हे शिकायला मी दोन वर्षं घालवली."

मग हर्षलाने मला जे सांगितलं ते ऐकून मला खाली बघावं लागलं. तिला मी शिफारसपत्र दिलं होतं. होतकरू, मनमिळाऊ, कष्टाळू, वर्तणूक चांगली. "बाई, ते मी कुठंच जोडलं नाय. राग मानू नका. किशोरलाही तुमी तेच दिलंत." किशोर तिच्याच वर्गातला. कष्ट आणि किशोर यांची आयुष्यात कधी गाठ पडलेली नाही. बावीस वर्षं मी प्रत्येक मुलाला एकच पत्र दिलं होतं, फक्त नाव बदलून. झेरॉक्सवाल्याला मी कोणत्या तोंडाने हसत होते?

मी नवं पत्र लिहिलं. त्यात एकही गुणवाचक शब्द घातला नाही. नववीत असताना शाळेच्या प्रयोगशाळेचं कपाट वाळवीने खाल्लं, सगळ्या बाटल्यांच्या चिठ्ठ्या गेल्या, तेव्हा या मुलीने आठवडाभर मधल्या सुट्टीत बसून माझ्यासमोर एकेक बाटली तपासून घेतली आणि नव्या चिठ्ठ्या लावल्या. ज्या दोन बाटल्यांची खात्री पटली नाही त्या तिने वापरू दिल्या नाहीत. एवढंच लिहिलं. हर्षलाने ते दोनदा वाचलं आणि घडी घालून पर्समध्ये ठेवलं.

त्यानंतर तिने अर्ज देणं बंद केलं. जुन्या हायवेला एक मोठं गोदाम आहे, त्याच्या समोरच्या चहाच्या टपरीवर ती तीन दिवस जाऊन बसली. गाड्या मोजत. ड्रायव्हरांशी बोलत. गावात लगेच बोलणं झालं की ठोंबऱ्यांची सून टपरीवर बसते. सासऱ्यांनी विचारलं तर म्हणाली, "गिऱ्हाईक बघते." ते बिचारे आणखीच घाबरले.

तीन दिवसांत तिला कळलं की एक गाडी फाटकाबाहेर सरासरी साडेपाच तास उभी राहते. वीस खोकी आणणारा छोटा टेंपो मोठ्या कंटेनरच्या मागे सकाळपासून अडकतो. आत जायची पाळी येते तेव्हा ड्रायव्हरचे कागद अपुरे निघतात, मग पुन्हा बाहेर. तिने एक पान लिहिलं. आपलं नाव, उंची, छंद काही नाही. पहिलीच ओळ अशी, की तुमच्या फाटकावर गाडी साडेपाच तास थांबते, ती दोन तासांत सोडता येईल. खाली कारणं आणि सगळ्यात शेवटी नाव आणि सात वर्षांचा अनुभव. हे पान पहारेकऱ्याला न देता मॅनेजर गाडीतून उतरताना तिने त्यांच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी फोन आला. पाच महिन्यांतला पहिला.

मॅनेजर गोड बोलले. म्हणाले, स्टोअरला जागा आहे, पण वरच्यांना पटवायला हवं. आठ दिवस येऊन करून दाखवा. बाकीचं नंतर बघू.

तिने मला विचारलं होतं. मीच म्हणाले, "जा. आठ दिवसांनी काय बिघडतं? काम बघितल्यावर नाही कोण म्हणेल?" आमच्याकडे सावडीची रीत आहे. लावणीला तू माझ्या शेतात चार दिवस ये, मी तुझ्या शेतात चार दिवस येते. कुणी लिहून ठेवत नाही आणि कुणी बुडवत नाही. बुडवलं तर पुढच्या लावणीला त्याच्या बांधावर कोण पाय ठेवेल? हर्षला सावडीला गेली तशी गेली. समोरच्याला सावड हा शब्दच ठाऊक नाही, हे ना तिच्या ध्यानात आलं ना माझ्या.

आठ दिवस तिने जीव ओतला. पुठ्ठ्याच्या रंगीत चिठ्ठ्या कापल्या. पन्नासपेक्षा कमी खोकी असलेल्या गाडीला पिवळी, तिने बाजूच्या दाराने जायचं. मोठ्या गाडीला हिरवी. कागद अपुरे असतील त्याला गुलाबी, त्याने रांगेबाहेर थांबायचं. चौकच्या ढाब्यावर जेवायला थांबणाऱ्या ड्रायव्हरांना तिने सांगून ठेवलं की तिथूनच कागदांचा फोटो पाठवा. आठव्या दिवशी गाडी पावणेदोन तासांत सुटायला लागली. ड्रायव्हर चिठ्ठ्यांना 'हर्षलाताईच्या चिठ्ठ्या' म्हणू लागले.

नवव्या दिवशी पहारेकऱ्याने फाटक उघडलं नाही. "साहेब बोलले, लागलं तर बोलावू." फाटकाच्या जाळीतून तिला दिसलं, एक नवा तरुण तिच्या पिवळ्या चिठ्ठ्या हातात घेऊन गाड्या लावत होता. तिने तिथूनच मॅनेजरना फोन केला.

"मॅडम, काम छान होतं तुमचं. पण पोस्ट भरली. आणि तुम्ही पडलात लोकल."

"लोकल म्हणजे?"

"म्हणजे उद्या काही झालं तर गावातली माणसं घेऊन गेटवर उभ्या राहाल. वरच्यांना ते चालत नाही."

म्हणजे साडेपाच तासांचे पावणेदोन करताना ती लोकल नव्हती. टपरीवरच्या ड्रायव्हरांशी बोलून घेताना, ढाब्यावर सांगून ठेवताना तिचं लोकल असणं उपयोगी पडलं. पगाराची वेळ आली तेव्हा तोच गुन्हा झाला. शाळेत एखाद्याने दुसऱ्याच्या वहीतलं उत्तर उतरवलं तर मी दोघांना उभं करून विचारत असे. इथे विचारणार कोण? मी तक्रार लिहायला बसले. हर्षला म्हणाली, "कुणाला देणार बाई? माझं नाव तिथल्या कुठल्याच कागदावर नाय." खरं होतं. आठ दिवस ती तिथे होती याचा कागदोपत्री काहीही पुरावा नव्हता. मी चार पानं लिहिली आणि फाडली.

येसूबाईला कळलं तेव्हा ती लेकीच्या घरी येऊन थडकली. मीही तिथे होते. मला वाटलं मायेने जवळ घेईल.

"आगं ए शहाणे, मी गिऱ्हाईकाला मूठभर भात देते चाखाया. तू पातेलंच फुडं ठेवलंस! प्वाट भरल्यावर तांदूळ कोन घेतो?"

"आई, साहेब म्हणले..."

"म्हनतीलच. फुकट भेटलं तर म्या पन म्हनन." मग माझ्याकडे वळून, "आन् बाई, तुमी तरी सांगायचं व्हतं."

भाद्रपद सरत आला. गजा दोनदा विचारून गेला. रूपेशही एकदा म्हणालाच, "पॅकिंगवाल्या बाया काय मानसं नायत का?" आहेत ना. पण हर्षलाच्या सात वर्षांचं काय करायचं, हा प्रश्न होता.

तेवढ्यात कर्जतच्या बाजूच्या औषधांच्या एका गोदामातून फोन आला. फोन करणाऱ्या बाई तिथल्या अधिकारी, ऋजुता नावाच्या. त्यांनी विचारलं, "त्या रंगीत चिठ्ठ्यांवाल्या हर्षलाताई तुम्हीच का?" त्यांच्या फाटकावर वापीहून येणारा एक ड्रायव्हर रोज कटकट करत असे, की तिकडे हायवेला हर्षलाताईंच्या चिठ्ठ्या आहेत, तुमच्याकडे काय आहे? एकाचं ऐकून दुसरे बोलायला लागले. अनुपमला हे कळवलं तेव्हा तो म्हणाला, "आत्या, आमची कंपनी यासाठी कोट्यवधी ओतते. तरी लोक नाव घेत नाहीत."

या वेळी हर्षला आधी एक सकाळ त्या फाटकासमोर उभी राहिली आणि मग भेटायला गेली. बरोबर एक पान. तिथे तिने काय पाहिलं ते, आधीच्या गोदामात किती तासांचे किती तास झाले ते, आणि खरं-खोटं सांगतील अशा चार ड्रायव्हरांचे फोन नंबर. जोडीला माझं बाटल्यांचं पत्र.

ऋजुताबाईंनी सगळं नीट वाचलं. "हे केलंत कसं, ते सांगा ना."

"सांगते मॅडम. कामावर घेतल्यावर."

"दोन दिवस येऊन दाखवाल?"

"येईन. हजेरीपटावर नाव घाला आणि दोन दिवसांचा पगार द्या."

त्यांनी पान फाइलमध्ये ठेवलं. मग म्हणाल्या, "मला वर विचारावं लागेल."

पुन्हा ते वर. सहा दिवस गेले, सात गेले. फोन नाही. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी गजा अंगणात उभा राहिला.

"वैनी, परवा गाडी येनार. नाव घालू ना?"

"नको, भावजी."

"तिकडनं फोन आला?"

"नाय."

"मंग?"

"मंग काय? नको."

"आगं, हातात काय नाय आन् नको म्हनतीस? येडी झालीस का?"

त्या रात्री तिने मला फोन करून सांगितलं, आणि महिनाभर जिच्यासाठी मी संतापाने धुमसत होते तिलाच मी म्हणाले, "अगं, तेवढ्यापुरतं घ्यायचं होतंस." हे लिहिताना मला लाज वाटते.

ती शांतपणे म्हणाली, "बाई, उद्या कुणी विचारलं शेवटचं काम काय, तर मी पॅकिंग सांगणार. मग माझी सात वर्षं कुणाच्या कामाची?"

दसऱ्यानंतर नऊ दिवसांनी नेमणुकीचं पत्र आलं. दोन दिवसांची परीक्षा वगैरे काही नाही, थेट नेमणूक. सहायक स्टोअर कीपर, सहा महिने तात्पुरती, पगार आधीच्या कारखान्यापेक्षा कमी. 'सहायक' वाचून मी पुन्हा पेटले. सात वर्षांचं पूर्ण काम केलेल्या बाईला सहायक कशाला? कुणाला साहाय्य करायचं, तर म्हणे मुख्य स्टोअर कीपरची जागा अजून भरायची आहे. हर्षला म्हणाली, "बाई, स्टोअर शब्द तर हाय ना त्यात," आणि पत्राची घडी घातली. हायवेवरचं ते गोदाम आजही तिच्या चिठ्ठ्यांवर चालतं. ढाब्यावर कुणी ड्रायव्हर ते नाव घेतो तेव्हा तिथल्या त्या तरुणाला राग येतो असं ऐकलं. येऊ दे.

पहिल्या दिवशी ती पावणेनऊला औषधांच्या गोदामाच्या फाटकावर पोचली. पहारेकऱ्याने एक जाड वही पुढे सरकवली. वर लिहिलेलं होतं, ठेकेदाराचे कामगार.

"ह्याच्यात नाय," हर्षला म्हणाली.

"बायकांचं ह्याच्यातच असतं. करा सही."

तिने नेमणुकीचं पत्र दाखवलं. त्याने ते उलटसुलट पाहिलं. कर्मचाऱ्यांची वही आत साहेबांच्या खोलीत होती आणि साहेब यायचे होते. तो म्हणाला, आजच्या दिवस इथे करा, उद्या बघू. ती बाजूला सरकली, डबा दुसऱ्या हातात घेतला आणि उभी राहिली. मागून पॅकिंगच्या बायका येत होत्या, सह्या करून आत जात होत्या. त्यातल्या गावच्या दोघी थांबल्या. एक म्हणाली, "काय गं, घेत नायत का?"

"घेतात. वही येऊ दे."

वही आली तेव्हा नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती. तिने नाव लिहिलं, पुढे हुद्दा पूर्ण लिहिला आणि वेळेच्या रकान्यात पावणेनऊ घातले. पहारेकरी म्हणाला, "आत्ता तर नऊ पाच झाले." ती म्हणाली, "मी पावणेनऊलाच आलेली हाय. तुमी बघितलंय." त्याने वहीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि फाटक उघडलं.